लोकु मल्लीचा घास

लोकु मल्ली झाडीतून रस्त्यावर आला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते, आणि त्याला पाहून जीपवाल्या तिलकसिरीला हसू फुटलं. त्या हसण्याची शरम त्याला पुढं कितीतरी दिवस पुरली.

एकोणीस दिवस हा हत्ती कुणाला दिसला नव्हता. पार्कात गाड्या चालवणारे सगळे त्याला ओळखत. बिनसुळ्याचा नर, पंचविशीचा, डाव्या कानाची पाळी फाटलेली, सोंडेवर गुलाबी ठिपके. सिंहलीत लोकु म्हणजे मोठा आणि मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. एवढं धूड जीपला येऊन बिलगायचं, लाडात उभं राहायचं, म्हणून कुणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

"आला बघा, मॅडम!" तिलकसिरीनं इंजिन बंद केलं. "तुमचं नशीब मोठं. हा आता अगदी जवळ येईल. घाबरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही."

मागं कँडीच्या डॉक्टर मानेल एकनायक बसल्या होत्या. साठीच्या, चाळीस वर्षं लोकांचे दात पाहिलेल्या. शेजारी त्यांचे यजमान कॅमेरा सरसावून. पुढं तिलकसिरीच्या बाजूला म्हातारा उक्कुबंडा. पार्कात जायचं तर वन्यजीव खात्याचा ट्रॅकर बरोबर घ्यावा लागतो, आणि उक्कुबंडा हा सगळ्यात जुना ट्रॅकर. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

"पुता, थांब जरा," उक्कुबंडा मुलाला म्हणावं तसं तिलकसिरीला हळूच म्हणाला. "हा नीट चालत नाहीये."

हत्ती मान खाली घालून येत होता. पाऊल टाकायचा, थांबायचा, परत टाकायचा. सोंड मातीतून फरफटत होती. डॉक्टरीणबाईंचे यजमान खूश होऊन म्हणाले, "येतोय, येतोय, बघ कसा डुलत येतोय!" आणि कॅमेऱ्याचा आवाज टकटक चालू झाला.

मग वास आला. सडलेल्या मांसाचा, आणि त्यातच फटाक्याच्या दारूसारखा काहीतरी. पाठोपाठ माशा आल्या. हत्ती सरळ तिलकसिरीच्या बाजूनं जीपला टेकला, मोठ्या कष्टानं सोंड उचलली आणि आत घातली. सोंडेचं टोक तिलकसिरीच्या मांडीवर आलं, तिथून दोन सीटांच्या मधल्या फटीत गेलं. तिथं चाचपायला लागलं. पुन्हा पुन्हा तिथंच.

कॅमेऱ्याचा आवाज बंद पडला.

"मल्ली, गाडी हलवू नका," डॉक्टरीणबाई तिलकसिरीला धाकट्या भावासारखं हाक मारून म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला होता. त्या उठून पुढं वाकल्या. "तोंड बघू दे मला. अरे देवा. खालचा जबडा तुटलाय याचा. मधोमध. आणि जीभ... जीभ नाहीये. म्हणजे आहे, पण..." त्या परत खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"हक्का-पटस," उक्कुबंडा म्हणाला.

आणखी काही सांगायची गरज नव्हती. शेतात डुकरं उतरतात म्हणून लोक फळाच्या पोटात फटाक्याची दारू आणि खडे भरून ठेवतात. डुकरानं चावा घेतला की तोंडातच स्फोट. कायद्यानं बंदी आहे, तरी गावोगाव हा प्रकार चालतो. डुक्कर तिथल्या तिथं मरतं. हत्ती मरत नाही. हत्तीला भूक लागत राहते आणि खाता येत नाही.

तिलकसिरीच्या पँटवर लाळ आणि रक्त उतरत होतं. त्याला पाय बाजूला घ्यायचं सुचलं नाही. इतक्या जवळून लोकु मल्लीचा डोळा त्यानं शेकडो वेळा पाहिला होता. आज डोळ्याखालून कानापर्यंत पाण्याचा ओघळ गेला होता, आणि तो डोळा नेहमीसारखाच त्याच्याकडे बघत होता. वाट बघत होता.

"मल्ली," डॉक्टरीणबाईंनी मागून विचारलं, "एवढ्या गाड्या उभ्या आहेत रस्त्यावर. हा तुमच्याकडेच का आला? आणि तिथं काय शोधतोय तो?"

उक्कुबंडानं तोंड फिरवून तलावाकडे बघायला सुरुवात केली.

*

सीटांच्या त्या फटीत दोन वर्षं केळ्यांची पिशवी असायची.

सुरुवात साधीच झाली होती. एका पावसाळ्याच्या शेवटी सलग पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या. पाहुणे नाराज होऊन उतरले. सहाव्या फेरीला बरोबर ट्रॅकर नव्हता, तितके ट्रॅकर खात्याकडे नाहीतच, आणि खिरणीच्या झाडाखाली हा तरणा नर उभा होता. तिलकसिरीनं डब्यातलं केळं त्याच्या दिशेनं भिरकावलं. हत्ती जीपपर्यंत आला. पाहुण्यांनी असा आरडाओरडा केला, असे फोटो काढले, की संध्याकाळी हॉटेलवाल्याचा फोन आला, "उद्याच्या पार्टीला तुम्हीच पाहिजे."

पुढं फेकावं लागेना. तो हातातून घ्यायला लागला. ट्रॅकर बरोबर असला की तिलकसिरी पाहुणे चढायच्या आधी वळणावर चार केळी टाकून यायचा. जीपचा आवाज ओळखून हत्ती यायचा. पाहुणे म्हणायचे, याच्यात काहीतरी जादू आहे, जनावरं याच्यावर जीव टाकतात. परदेशातून लोक त्याचं नाव घेऊन येऊ लागले. आणि खरं सांगायचं तर तिलकसिरीलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. केळ्यांचा त्याला विसर पडायचा. हत्ती आपल्यासाठीच येतो असं वाटायचं.

केळी मेहुण्याच्या बागेतली. बायकोचा, रूपावतीचा, धाकटा भाऊ जिनसेन तलावाच्या काठाला, विजेच्या कुंपणाबाहेर, केळी आणि भोपळे लावायचा. तिलकसिरीला तो अय्या, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. बाजारात न जाणारी डागी केळी रूपावती दर आठवड्याला घरी आणायची. "किती खाता हो?" ती हसून म्हणायची. "पोटात माकड पाळलंय का?"

तीन आठवड्यांपूर्वी उक्कुबंडानं त्याला गेटवर बाजूला घेतलं.

"पुता, मी आंधळा नाही. दोन वर्षं गप्प बसलो, ते माझं पाप. पण ऐक. माणसाकडं मागून खाणारा हत्ती म्हातारा होत नाही. त्याला माणसाची भीती उरत नाही, आणि माणूस काही बदलत नाही. बंद कर."

"मामा, मी एकटाच आहे का हत्तींना देणारा?"

"मी तुझ्याशी बोलतोय. एकट्याशी."

तिलकसिरीनं त्याच दिवशी बंद केलं. एकदम. पिशवी घरी ठेवली आणि वळणावरून गाडी न थांबवता काढली. पहिले दोन दिवस लोकु मल्ली जीपमागं चालत आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. मग दिसेनासाच झाला. तिलकसिरीला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. गेला असेल जंगलात आत, झाला असेल परत हत्ती.

मधे एकदा जिनसेन जेवायला आला होता. पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "अक्का, एक हत्ती कुंपण मोडून आत येतोय. तारेवर लाकूड टाकतो आणि येतो, इंजिनियरच जणू. चाळीस खुंट केळी झोपवली. तीस वर्षांत असला हत्ती नाही पाहिला. फटाके वाजवले तर पळत नाही, उभा राहून बघतो."

तिलकसिरीनं ऐकलं. पार्कात तीनशेवर हत्ती आहेत, त्यानं मनाला सांगितलं, आणि भातावर आणखी डाळ वाढून घेतली.

*

त्याच दिवशी दुपारी खात्याचे पशुवैद्य आले. सुई मारून हत्तीला गुंगीत घातलं, जखम धुतली, औषधं दिली. तरुण डॉक्टर होता. हातमोजे काढताना तिलकसिरीला म्हणाला, "चार-पाच दिवस झालेत. पाणीसुद्धा धड आत जात नाही. आम्ही करतोय ते सगळं करू. पण तुम्ही जुने लोक आहात, तुमच्याशी खोटं काय बोलायचं."

डॉक्टर मानेल आणि त्यांचे यजमान फेरी अर्धी सोडून परत गेले. जाताना बाई तिलकसिरीजवळ थांबल्या. सकाळचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, "काय होईल ते मला कळवा. वाईट असलं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उक्कुबंडा घरी आला. चहा नको म्हणाला, अंगणातच उभा राहिला.

"पावलं उलटी काढत गेलो. रक्ताचे थेंब होते, सोपं होतं. तलावाला वळसा घालून, कुंपणाच्या मोडक्या जागेतून बाहेर. आणि तिथून..." त्यानं आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "जिनसेनच्या खोपटाच्या दारात संपली. शेतात नाही, पुता. दारात. मी खात्यात अजून बोललो नाही. संध्याकाळपर्यंत थांबतो. आधी तू जा."

तिलकसिरी मोटरसायकलवरून गेला तो रस्ता त्याला नंतर आठवला नाही. एवढंच आठवत होतं की आपण मोठ्यानं बोलत होतो, वाऱ्याशी, आणि मेहुण्याला आईबापावरून शिव्या देत होतो.

जिनसेन खोपटाच्या पायरीवर बसला होता. पुढ्यात कोयता होता आणि काम काही नव्हतं. दाढी वाढलेली. तिलकसिरीला येताना पाहून तो उठला नाही.

"तू केलंस?"

जिनसेननं मान हलवली. हो म्हणून.

तिलकसिरीनं त्याच्या कानाखाली लगावली. आयुष्यात पहिल्यांदा. जिनसेन पडता पडता सावरला आणि परत तिथंच बसला, जणू दुसरी यायची आहे.

"मारा अय्या, मारा. चार दिवस वाट बघतोय कुणीतरी येऊन मारावं म्हणून. अक्कालाही सांगता आलं नाही."

"अरे डुकरासाठी ठेवतात ते तरी समजू शकतो. हत्ती येतोय हे माहीत असताना तू भोपळे पेरून ठेवलेस?"

"पेरले नाहीत," जिनसेन म्हणाला. आणि मग तो जे बोलला ते ऐकताना तिलकसिरीला आधी त्याचा अर्थच लागेना.

"डुकरांसाठी तीन भोपळे भरून खोपटात ठेवले होते. बांधावर मांडणार होतो. दिवस मावळायला आला होता आणि तो आला. केळीत गेला नाही, सरळ खोपटाकडे. मी फटाका टाकला. एकच उरला होता. तो थांबला, कान हलवले आणि पुन्हा चालायला लागला. मी आत गेलो. कुडाचं दार, अय्या, त्याला एक धक्का पुरे होता. पण त्यानं धक्का दिला नाही. दारातून सोंड आत घातली. माझ्यापुढं. अशी." जिनसेननं पालथा हात उलटा करून पुढं धरला, भीक मागणारा धरतो तसा. "मी ओरडलो. तो गेला नाही. मी जितका ओरडतोय तितकी सोंड पुढं येतेय. अंगाला लागली माझ्या. मला वाटलं, मेलो. हाताला भोपळा लागला. मी तो धरला पुढं."

"हातात दिलास?"

"हातात दिला. आणि त्यानं हिसकावला नाही, अय्या. हळूच घेतला. माझ्या बोटांना धक्का लागू नये असा घेतला. तोंडात टाकला आणि..." जिनसेनचा चेहरा वाकडा झाला. "मी त्याच्या इतका जवळ होतो की माझ्या अंगावर उडालं सगळं. तरी तो माझ्यावर चालून आला नाही. उभा राहिला. त्याला कळलंच नाही की मी दिलेल्या घासानं झालं. पुन्हा सोंड पुढं केली त्यानं. पुन्हा! मग किंचाळला आणि गेला."

केळीच्या आडव्या पडलेल्या खुंटांवरून एक मुंगूस सुळकन गेलं. दोघंही तिकडे बघत राहिले.

"रानातला हत्ती असं करत नाही," जिनसेन म्हणाला. "रानातला एक तर पळतो, नाहीतर मारतो. याला माणसाच्या हातातून खायची सवय होती. कुठल्या हरामखोरानं लावली असेल ती? मी पापी आहे, मला शिक्षा होऊ दे. पण तो कोण असेल, अय्या? तुम्ही पार्कात असता. तुम्हाला माहीत असेल."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो विचारत होता, थोरल्या भावाला विचारावं तसं, आणि त्याच्या गालावर तिलकसिरीची पाच बोटं उमटलेली होती.

तिलकसिरी पायरीवर त्याच्या शेजारी बसला.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?"

"मी लावली. दोन वर्षं. केळी द्यायचो, पाहुण्यांसाठी. तुझ्याच बागेतली. रूपा आणायची ती. म्हणून तो इथं आला. मी द्यायचं बंद केलं, मग तो वास काढत काढत इथं आला."

जिनसेन त्याच्याकडे बघत राहिला. एखादी ओळखीची वस्तू भलत्याच जागी सापडावी तसा. त्यानं कोयता उचलला, तेव्हा तिलकसिरीला क्षणभर वाटलं, आता घालणार. पण जिनसेननं कोयता लांब फेकून दिला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. त्याच्या रडण्याचा आवाज येत नव्हता, नुसती पाठ हलत होती. तिलकसिरीनं त्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागं घेतला.

*

रूपावतीला त्यानं स्वयंपाकघरात उभं राहूनच सांगितलं. सगळं, आपल्यापासून सुरुवात करून. ती नारळ खोवत होती. तिचा हात थांबला नाही. वाटी संपली तरी ती खोवतच राहिली आणि करवंटीचा खरखर आवाज यायला लागला तेव्हा तिनं मान वर केली.

"मला वाटायचं तुम्हाला केळी आवडतात," ती म्हणाली. "त्यातली चांगली निवडून बाजूला ठेवायचे मी."

एवढंच बोलली. नंतर संध्याकाळी तिनं भावाला निरोप पाठवला, आंघोळ करून पांढरा सदरा घालून ये म्हणून. तो आला. तिनं दोघांना भात वाढला. कुणी जेवलं नाही. मग ती म्हणाली, "उक्कुबंडा मामांच्या तोंडून जायला नको. तुम्ही दोघं जा. आणि एकमेकांचं नाव सांगत बसू नका. ज्यानं त्यानं आपापलं सांगा."

पार्कचे वॉर्डन साहेब कार्यालयाला कुलूप लावून निघाले होते. ते परत आत आले, पंखा लावला, दोघांना बसायला सांगितलं. जिनसेन आधी बोलला. साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. मग तिलकसिरी बोलला. तेव्हा मात्र साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तिलकसिरी, तुमच्यावर कुणाची तक्रार नाही. पुरावा नाही. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे, साहेब."

"परवाना जाईल. चोवीस वर्षं गाडी चालवताय तुम्ही."

"जाऊ दे."

साहेबांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, "त्या हत्तीला कमीत कमी आठ-दहा गाड्या खायला घालत असणार. मला संशय होता, पकडता कुणाला आलं नाही. तुम्हाला वाटतं तसं सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नाही."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिलकसिरीला उलट धक्का बसला. दोन वर्षं तो समजत होता, लोकु मल्ली जगात फक्त आपल्या जीपला ओळखतो. तो सगळ्यांकडे जात होता. सगळ्यांपुढं तशीच सोंड करत होता. आणि तरी मरायला टेकल्यावर ती सोंड आपल्याच मांडीवर आली, हेही खरं होतं. या दोन गोष्टींचं काय करायचं ते त्याला कळेना.

*

हत्ती तलावाच्या उथळ पाण्यात जाऊन उभा राहिला. जखमेला गारवा लागतो म्हणून जनावरं पाण्यात जातात, डॉक्टर म्हणाला. रोज सकाळी खात्याचा ट्रक यायचा. पाइपनं पाणी, औषध, जमेल तसं. बंधाऱ्यावर गावातली माणसं जमायची. बायका फुलं घेऊन यायच्या आणि कुठं वाहायची ते न कळून हातातच धरून उभ्या राहायच्या.

तिलकसिरी पहिल्या दिवशी काठावर गेला. पाठीमागून वारा होता. लोकु मल्लीनं मान फिरवली, आणि ज्याला उभं राहणं जड जात होतं तो हत्ती दोन पावलं, तीन पावलं, पाण्यातून त्याच्याकडे यायला लागला. सोंड उचलली. ती अर्ध्यात थरथरली आणि पाण्यात पडली. त्यानं परत उचलली.

डॉक्टर धावत आला. दंडाला धरून त्यानं तिलकसिरीला मागं नेलं. "अंकल, तुम्ही समोर येऊ नका. कृपा करा. तुम्हाला बघून तो घास मागतो, आणि त्याला खाता येत नाही. उगाच शक्ती जाते त्याची."

"मी काही आणलं नाही. नुसता उभा राहीन."

"त्याला ते कसं सांगणार?"

मग तिलकसिरी ट्रकच्या पलीकडे, वारा लागणार नाही अशा बाजूला बसला. सहा दिवस रोज येऊन बसला. तिथून हत्ती दिसत नव्हता. पाण्याचा आवाज यायचा, पाइपचा पंप, डॉक्टरचं बोलणं, आणि कधीतरी एक लांब सुस्कारा, एवढ्या मोठ्या छातीतून येतो तसा. जीपवाले येऊन जात. काहीजण त्याच्याशी बोलले नाहीत. एकजण म्हणाला, "तू कशाला बोंबललास? आता सगळ्यांवर नजर ठेवतील." एकजण नुसता जवळ येऊन बसला, पानाचा विडा दिला आणि उठून गेला.

सातव्या दिवशी अकराच्या सुमाराला उक्कुबंडा ट्रकला वळसा घालून आला. टोपी काढून हातात घेतली होती.

"बसला," तो म्हणाला.

इतका खंगलेला हत्ती बसला की उठत नाही. तिलकसिरीला ते ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "पाण्यात बसला असेल. गार वाटतं म्हणून."

"बसला, पुता. आता तू जा त्याच्याजवळ. आता चालेल."

तो गेला. गुडघाभर पाण्यात, चिखलात रुतत. लोकु मल्ली कुशीवर कलला होता, अर्धा पाण्याबाहेर, फाटका कान पाण्यावर तरंगत होता. डोळा उघडा होता. त्या डोळ्याला आता तो दिसत होता की नाही कुणास ठाऊक. सोंड हलली नाही. तिलकसिरीनं तिच्यावर हात ठेवला. ऊन होतं, कातडं गरम होतं. डॉक्टर एका बाजूला उभा राहून घड्याळाकडे बघत होता, आणि थोड्या वेळानं त्यानं घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

काठावर आल्यावर तिलकसिरीनं कँडीला फोन लावला. "मॅडम, मी जीपवाला," एवढंच त्याला म्हणता आलं. पलीकडून डॉक्टर मानेल म्हणाल्या, "समजलं." मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशीचे फोटो यजमानांनी पुसून टाकायला काढले होते. मी पुसू दिले नाहीत. तुम्हाला हवे असले तर पाठवते." तिलकसिरी म्हणाला, पाठवा.

*

जिनसेनवर खटला चालू आहे. जामीन मिळाला, तारखा पडतात, तो प्रत्येक तारखेला जातो आणि वकिलानं कितीही समजावलं तरी 'मी केलं' असंच सांगतो. केळीचे खुंट पुन्हा फुटून आले आहेत. त्यानं ते विकायला काढले नाहीत.

हत्ती गेल्यावर सातव्या दिवसाचं दान गावानं घातलं. भिख्खूंना जेवण रूपावतीनं रांधलं. पुण्य अर्पण करायची वेळ आली तेव्हा ती पहिल्यांदा ढसढसा रडली, आणि जिनसेन लांब दारापाशी उभा होता तिथं जाऊन तिनं त्याला हाताला धरून आत आणलं. तिलकसिरीशी ती पुढं महिनाभर कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी, काही कारण नसताना, शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ते फोटो दाखवा मला." त्यानं दाखवले. तिनं एकेक करून सगळे पाहिले.

परवाना गेला. तिलकसिरी आता खात्याच्या कुंपणाच्या टोळीत रोजावर आहे, खांब बदलतो, तारा ओढतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी जीपवाल्यांच्या संघटनेची बैठक असते. तिथं तो आपणहून गेला. आता तो सभासदही नव्हता. त्यानं उभं राहून सगळं सांगितलं. खिरणीच्या झाडापासून जिनसेनच्या दारापर्यंत, काहीही न गाळता. आणि डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला, फोनमधला लोकु मल्लीच्या तोंडाचा फोटो पहिल्या रांगेत हातोहात फिरवायला दिला.

कुणीतरी मागून म्हणालं, "स्वतःचा धंदा गेला, आता भिख्खूसारखं आम्हाला बण सांगायला आला!" दोघं-तिघं हसले. काहीजण उठून गेले. फोन तिसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिथं बसलेला, पन्नाशीचा, अंगानं आडवा माणूस फोटोकडे बघत राहिला होता आणि पुढं देत नव्हता.

"अरे दे की पुढं," शेजारचा म्हणाला.

"थांब," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्याही गाडीत आहे पिशवी. आत्ता. बाहेर उभ्या गाडीत."

तो उठला, फोन तिलकसिरीला आणून दिला, आणि बाहेर जाऊन परत आला तेव्हा त्याच्या हातात केळ्यांची पिशवी होती. टेबलावर त्यानं ती ठेवली. त्याच्यामागून आणखी दोघं आपापल्या गाड्यांकडे गेले.